अनुभव धागा: आठवी ते दहावीची मुलं आणि सुट्टीतलं इंग्रजी वाचन

मराठी माध्यमातल्या मुलांना मे महिन्यात इंग्रजी वाचायला कसं बसवायचं, यावर शिक्षक, पालक आणि ग्रंथपालांनी लिहावं. नेमकं काय करता, किती वेळ, आणि कुठे अडतं, तेवढंच हवं.

ग्रंथपाल, तालुका वाचनालय

पुस्तक निवडताना इयत्ता बघू नका. मधलं कुठलंही पान उघडून साधारण १०० शब्द वाचायला द्या आणि अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटायला सांगा. एक-दोन बोटं मिटली तर पुस्तक घरी न्यावं. मूठ वळली तर ते परत कपाटात. इंग्रजी शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या संशोधनातही हेच आहे: कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात.

मोठी माणसं हौसेने जुन्या अभिजात कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या देतात. त्यातले बग्गी, सरदार, शेकोटीचे शब्द मुलांना ना पाठ्यपुस्तकात भेटतात ना बाहेर, आणि तिसऱ्या पानावर वाचन थांबतं. त्यापेक्षा प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर जा. गोष्टी मोफत आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि बऱ्याच मराठीतही आहेत. नववीच्या मुलालाही दुसऱ्या पातळीपासून सुरुवात करू द्या, त्यात कमीपणा नाही. आधी पूर्ण गोष्ट मराठीत, मग पूर्ण इंग्रजीत. ओळीखाली ओळ ठेवली की नजर मराठीवरच राहते.

विज्ञान शिक्षिका

माझं मत ठाम आहे: दहावीनंतर विज्ञान शाखेला जाणाऱ्यांनी सुट्टीत बालभारतीचं सहावी-सातवीचं सामान्य विज्ञान इंग्रजीतून वाचावं. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळते. मजकूर आणि आकृत्या मराठी पुस्तकातल्याच असतात, त्यामुळे आशय डोक्यात आधीच बसलेला असतो आणि सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. अकरावीत ‘प्रकाशसंश्लेषण’ एकदम ‘फोटोसिंथेसिस’ होतं तेव्हा हुशार मुलंही बिचकतात, ते इथेच टळतं.

रोज एकच उपघटक घ्या. आधी आकृतीतली नावं, मग परिच्छेद, मग पुस्तक मिटून त्याच आकृतीला इंग्रजी नावं द्यायची. स्वाध्याय सोडवायला लावू नका, नाहीतर मुलं उत्तरापुरतंच वाचतात.

इंग्रजी शिक्षक, नववी-दहावी

मोठ्याने वाचन हवंच. १०० ते १५० शब्दांचा उतारा पुरतो. पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या आवाजात फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा आवाजाबरोबर वाचायचं, तिसऱ्यांदा एकट्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायचं.

सगळ्यात जास्त घोळ भूतकाळी ‘ईडी’चा होतो. ‘वॉक’चं ‘वॉक्ट’, ‘प्ले’चं ‘प्लेड’ आणि ‘वाँट’चं ‘वाँटेड’. मुलं सगळीकडे ‘एड’ लावून ‘वॉकेड’ वाचतात. वेगळा ‘एड’ फक्त मूळ शब्दाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’चा आवाज असेल तेव्हाच. रेकॉर्डिंग ऐकताना पेन्सिलने तेवढेच शब्द गोल करा, बाकीच्या चुका त्या दिवशी सोडून द्या. आणि इंग्रजी ओळीवर देवनागरीत उच्चार लिहायची सवय मोडा. एकदा वर मराठी अक्षरं आली की खालचं स्पेलिंग कुणी बघत नाही.

पालक

वाचायचा कंटाळा असलेल्यांसाठी आयपीएल. आदल्या रात्री सामना पाहिलेला असतो, त्यामुळे सकाळच्या इंग्रजी पेपरातली बातमी अर्धी कळलेलीच असते. आधी धावफलक, मग पहिले दोन परिच्छेद, बास. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: मथळ्यात कालचा निकालही वर्तमानकाळात छापतात, ‘मुंबई डिफीट चेन्नई’ असा. व्याकरण पक्कं असलेली मुलंच इथे गोंधळतात.

शब्दकोश बातमी वाचून झाल्यावरच उघडायचा. पाचच शब्द, आणि अर्थाशेजारी तो शब्द असलेलं पेपरातलं पूर्ण वाक्य. नुसत्या शब्द-अर्थाच्या याद्या जूनपर्यंत विसरल्या जातात.