मदत हवी आहे : ऑस्ट्रेलियातील आदिवासी कैदी आणि ड्रग कोर्ट

मीनल_एलएलएम : ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या तुरुंगवासावर प्रबंध लिहिताना एका प्रकरणापाशी अडले आहे. लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेला हा समाज प्रौढ कैद्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश आहे. व्यसनी आरोपींना तुरुंगाऐवजी उपचार देणारी ड्रग कोर्ट असूनही हे प्रमाण का घटत नाही? मसुदा याच आठवड्यात द्यायचा आहे. कृपया लवकर सांगावे.

सिडनीकर : राज्य कोणते? तिथे फौजदारी कायदा राज्यागणिक बदलतो. शिवाय व्हिक्टोरियातील कूरी कोर्टाशी आपली गल्लत होत नाही ना? तिथे दंडाधिकारी उंच आसन सोडून लंबगोल टेबलाशी आदिवासी वडीलधाऱ्यांसोबत बसतात. ती व्यवस्था वेगळी.

जुना_वकील : राज्य कोणतेही असो, उपाय कॅनडाकडे आहे. १९९९ च्या ग्लॅड्यू निकालामुळे तिथे शिक्षा ठरवताना आरोपीची आदिवासी पार्श्वभूमी विचारात घ्यावीच लागते.

सिडनीकर : काका, त्यानंतरही कॅनडाच्या तुरुंगांत आदिवासींचे प्रमाण वाढतच गेले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तिथले हेच सर्वोच्च) २०१३ मध्ये बग्मी खटल्यात तो मार्ग स्वीकारला नाही. बालपणीच्या होरपळीचा परिणाम काळाबरोबर ओसरत नाही, एवढे मात्र मान्य केले.

जुना_वकील : दोष निकालाचा नाही, अंमलबजावणीचा आहे. खालची न्यायालये तो चुकीच्या पद्धतीने लावतात, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये सुनावले आहे.

माळरान : आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. मीनलताई, न्यायालयाआधी पोलिसांकडे पाहा.

शोधयात्री : कैद्यांच्या मुलाखतींसाठी विद्यापीठाच्या आचारसमितीची परवानगी लागते. अर्ज आधी करावा.

मीनल_एलएलएम : मुलाखती घ्यायच्या नाहीत. राज्य न्यू साउथ वेल्स. मूळ प्रश्न तसाच आहे.

सिडनीकर : मग १९९८ च्या ड्रग कोर्ट कायद्यातील पात्रतेच्या अटी वाचाव्यात. आरोप हिंसक वर्तनाचा असेल तर आरोपी अपात्र ठरतो. व्यसन प्रतिबंधित अमली पदार्थांचे हवे, केवळ दारूचे चालत नाही. आणि राहण्याचे ठिकाण न्यायालयाच्या ठरलेल्या क्षेत्रात असावे लागते. हे न्यायालय १९९९ मध्ये पॅरामॅटा येथे सुरू झाले आणि दीर्घकाळ पश्चिम सिडनीपुरतेच राहिले. दारूच्या भरात मारहाण केल्याचा आरोप असलेला दूरच्या गावातील आदिवासी तरुण या तिन्ही चाळण्यांत अडकतो. त्यात जामीन न मिळालेले कच्चे कैदी मोजा. त्यांच्या शिक्षेचा प्रश्न अजून न्यायालयापुढे आलेलाच नसतो. प्रकरणाची मांडणी पात्रतेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

माळरान : कच्च्या कैद्यांचा मुद्दा पोलिसांपाशीच जातो, हे मी आधीच लिहिले होते.