जमीन नसलेल्या ग्रहावर काय वसवायचं: वसाहत, वस्ती की गावठाण?

प्रश्न (सोलापूर): दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय. ग्रहावर सगळीकडे दीडशे किलोमीटर खोल समुद्र, जमीन कुठेच नाही. माणसं तिथे प्राणी घेऊन राहायला जातात. त्याला वसाहत म्हणू, वस्ती की गावठाण? आणि प्राण्यांसाठी ‘अधिवास’ चालेल?

उत्तर: ताई, वस्ती घ्या. वसाहत म्हटलं की चिंचोळीची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते, आखलेले प्लॉट, डांबरी रस्ते. गावठाणाला तर जमीनच हवी. उजनी धरणात गावं बुडाली तेव्हा नवी गावठाणं वसली, कारण पाण्याच्या वर माळ शिल्लक होता.

आपल्या मोहोळ-माढ्याकडे ‘वस्तीवर राहतो’ म्हणजे गावापासून लांब, रानात, दोन-चार घरं. आणि वस्तीची एसटी रात्री मुक्कामाला थांबून पहाटे निघते. लांब असणं आणि कधीही हलणं, हे दोन्ही अर्थ तुमच्या कथेला हवेतच, कारण तिथे नांगर टाकायची सोय नाही. पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र सुमारे ११ किलोमीटर. दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. गुरुत्व पृथ्वीएवढं धरलं तर दीडशे किलोमीटरवर दाब १५,००० पटींच्या पुढे जातो आणि कोमट पाण्याचाही बर्फ होतो. हा बर्फ पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशीच राहतो. खालचा खडक त्याच्याखाली झाकला गेला की खनिजं वर येणं अवघड, आणि त्यांच्यावाचून माशांचं खाद्य असलेलं शेवाळ वाढत नाही. म्हणजे माशांच्या खाद्याचा प्रश्न कथेत सोडवावाच लागेल.

प्रश्न: शहरातल्या वाचकाला वस्ती म्हणजे झोपडपट्टी वाटेल ना?

उत्तर: पहिल्यांदा ‘तरती वस्ती’ लिहा, पुढे नुसतं वस्ती. संदर्भाने कळतं.

अधिवास मात्र नको. जीव मुळात जिथे निसर्गतः राहतो तो त्याचा अधिवास. नेऊन सोडलेल्याचा तो लगेच होत नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आज उजनीत भरपूर सापडते. अशा वेळी ‘मासा स्थिरावला’ म्हणावं, आणि तेही त्याची पिल्लं आपोआप वाढू लागल्यावर. तोवर ‘पाळलेला’च. वसाहत हा शब्द प्रवाळासाठी राखून ठेवा. जीवशास्त्रात तो तिथे अगदी नेमका बसतो. फक्त प्रवाळाला टेकायला कठीण पृष्ठभाग आणि बहुतेक जातींना उजेड लागतो, तेव्हा त्याची वसाहत वस्तीच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरातच दाखवा.