ग्रॅनाइटवरची रेड वाइन: ही दगडाची चव नक्की लागते कुठे?

पाटी-पेन्सिल
काल फ्लरी ही रेड वाइन उघडली. फ्रान्समधल्या बोजोलेच्या दहा क्रूंपैकी, म्हणजे नावाजलेल्या वाइन-भागांपैकी, एक. द्राक्ष गामे, जमीन गुलाबी ग्रॅनाइटची. बाटलीच्या पाठीवर 'मिनरल' छापलेलं, म्हणून मी हट्टाने दगड शोधत बसलो. पहिल्या घोटात लाल चेरी आणि फुलांचा अंधुक वास. दुसऱ्यात तेच. गिळल्यावर मात्र फळ ओसरलं आणि जिभेच्या कडांना कोरडं, खरखरीत काहीतरी राहिलं. लहानपणी पाटीवरची पेन्सिल चाटायचो ना, थेट तसं. मिनरल म्हणतात ते हेच, की लेबल वाचल्यामुळे मला ते लागलं? बायकोला लेबल न दाखवता ग्लास दिला. ती म्हणाली, "आंबट आहे. आणि सुरुवातीला काडी ओढल्यासारखा वास येतो."

मुरूमवाला
पेन्सिल बरोबर पकडलीत, पण ती दगडातून आलेली नाही. ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक. यांना ना चव ना वास, आणि पाण्यात विरघळायलाही तयार नाहीत. भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स मॉल्टमन हेच वर्षानुवर्षं सांगत आलेत. ग्रॅनाइट झिजून त्याचा वाळूसारखा मुरूम होतो. त्यात पाणी ठरत नाही, कसही कमी, त्यामुळे वेल माजत नाही. जमिनीचा हात असलाच तर तो असा आडून. तुम्हाला लागलं ते माझ्या मते आंबटपणा, थोडा तुरटपणा आणि फळाची गैरहजेरी. तिन्ही एकत्र आली की आपल्याला 'दगड' हाच शब्द सुचतो. शब्द वाईट नाही, फक्त शब्दश: घेऊ नका.

कोर्नासप्रेमी
मुरूमवाल्यांना दुजोरा. ऱ्होन खोऱ्यातलं कोर्नासही ग्रॅनाइटवरचंच, पण तिथे द्राक्ष सिरा, म्हणजे काळी मिरी, धूर, हिरड्या आवळणारा तुरटपणा. दगड तोच आणि वाइनचं तोंडसुद्धा जुळत नाही! द्राक्षाची जात आधी बघा. (गामेला तर बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये हाकललं होतं. बाई दक्षिणेला या मुरमात रमली.) वहिनींची काडी मात्र मला महत्त्वाची वाटते. तो गंधकाच्या संयुगांचा वास. पुष्कळ जण त्यालाच मिनरल म्हणून मोकळे होतात. ग्लास जोरात फिरवा. विरला तर तो प्रश्न मिटला.

थंडगार
वाइन किती गार होती? १३-१४ अंशांना प्या. कोमट गामेत फळ आणि अल्कोहोल पुढे येऊन बसतात, बाकी काही कळत नाही.

पाटी-पेन्सिल
बाटलीतली उरलेली एक तृतीयांश आज प्यायलो. बूच लावून फ्रिजमध्ये होती, पिण्याआधी वीस मिनिटं बाहेर. काडीचा वास फिरवायच्या आधीच गेलेला. चेरी निम्म्यावर. पेन्सिल आहे! उलट कालच्यापेक्षा लवकर येते, घोट तोंडात असतानाच, पुढच्या दातांच्या मागे. आंबटपणाच असेल, मान्य. पण 'आंबट' लिहिलं तर त्यातली खरखर निसटते, तेव्हा वहीत 'पाटीवरची पेन्सिल' असंच लिहिलंय. पुढची बाटली कोर्नासची, लेबल झाकून. ओतायचं काम बायकोकडे.