टेक्स्ट रोलप्ले सर्व्हर: सदस्य भरपूर, लिहिणारे मोजकेच. काय बदलावे?

गढीवरचा

नमस्कार मंडळी,

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर टेक्स्ट रोलप्लेचा सर्व्हर आहे, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन लिहून खेळायची कथा. काल्पनिक बंदर, मोजकीच जादू, फासे फक्त मारामारीपुरते. सदस्य ६४, पण आठवड्यातून एकदा तरी पात्रात लिहिणारे जेमतेम ९. पात्रात लिहायची चॅनल २२: गोदी, बाजार, दोन खानावळी, तुरुंग, भुयार वगैरे. नवा माणूस येतो, ३० रकान्यांची कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा तक्ता) भरतो, मंजुरीला तीन-चार दिवस लागतात आणि तोवर तो गायब. ज्यांना मंजुरी मिळते त्यातले बरेचसे एक पोस्ट टाकतात, उत्तर येत नाही म्हणून तेही थांबतात.

जाहिरात वाढवावी की आधी आतली घडी बसवावी? काही जुने सदस्य म्हणतात की डिस्कॉर्ड सोडा, स्वतःचे मड (अनेकांनी एकाच वेळी जोडून शब्दांत खेळायचा ऑनलाइन खेळ) काढा. त्यात अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाचवा फासा

जाहिरात आत्ता अजिबात नको. रोलप्ले करणाऱ्यांचे वर्तुळ लहान असते. 'तिथे कोणी उत्तरच देत नाही' असे एकदा मत झाले की तो माणूस परत येत नाही आणि चार जणांना सांगतोही.

खरी अडचण २२ या आकड्यात आहे. सीन घडायला एकाच ठिकाणी, साधारण एकाच वेळी निदान दोघे लागतात. ९ जण २२ ठिकाणी विखुरले तर ते एकमेकांना भेटणार कसे? ढोबळ हिशेब असा ठेवा: नियमित लिहिणाऱ्या दर चार-पाच जणांमागे एक खुले चॅनल. म्हणजे तुमच्याकडे दोन पुरेत. बाकीची उडवू नका, 'संग्रह' नावाच्या कॅटेगरीत हलवून तिथे संदेश पाठवायची परवानगी बंद करा. जुने सीन वाचता येतात आणि कोणाची मेहनत पुसली जात नाही. कथा भुयारात गेलीच तर 'इतरत्र' अशा एका चॅनलमध्ये थ्रेड (चॅनलच्या आतला वेगळा धागा) उघडायचा. नावातच ठिकाण, वेळ आणि प्रवेश लिहा: 'भुयार, मध्यरात्र, खुला' किंवा 'भुयार, मध्यरात्र, फक्त तिघे'. थ्रेड आपोआप मिटण्याची मुदत एक आठवडा ठेवा. २४ तासांवर असेल तर संथ सीन यादीतून दिसेनासे होतात आणि लोकांना वाटते की संपले.

ती दोन चॅनल कुठली, हेही महत्त्वाचे. खानावळ सगळेच निवडतात आणि तिथेच सीन मरतात, कारण अनोळखी माणसाशी बोलायची तिथे कोणालाच गरज नसते. बंदर आहे ना? मग जकात नाका करा. उतरणाऱ्या प्रत्येकाला तिथून जावेच लागते, सामान तपासले जाते, शिपाई प्रश्न विचारतो. नव्या माणसाला पहिले वाक्य आयते मिळते. दुसरे चॅनल कामाच्या फलकाचे: कोणाला काय हवे आहे ते तिथे टांगलेले.

आठवड्यातून एक वार आणि दोन तास पक्के करा. तिघेच आले तरी सीन करायचा, आणि दोन तास झाले की प्रसंग अर्धा असला तरी थांबायचे. अर्धा राहिलेला प्रसंग पुढच्या आठवड्याची हजेरी आपोआप लावतो.

आता पोस्टचा क्रम. तिघांहून जास्त लोक असले आणि ठरल्या क्रमानेच लिहायचे असले, तर सगळ्यात संथ माणूस सीनचा वेग ठरवतो. मश खेळांमध्ये (मडचाच कथाप्रधान प्रकार) यावर जुना उपाय आहे, 'थ्री पोझ रूल': तुमच्यानंतर तिघांनी लिहिले की तुम्ही पुन्हा लिहायला मोकळे, क्रमाची वाट बघायची नाही. चार जणांचा सीन असेल तर तीनऐवजी दोन धरा. दिवसेंदिवस चालणाऱ्या संथ सीनमध्ये ४८ तास उत्तर नाही आले तर त्या पात्राला ओलांडून पुढे जायचे, आणि हा नियम पिन करून ठेवायचा, म्हणजे कोणाला राग येत नाही. एका सीनमध्ये चारच्या वर माणसे घेऊ नका. जीएम (सीन चालवणारा) हजर असेल तर पाच.

कोरी पाटी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. शीटबद्दल थोडे.

३० रकान्यांची शीट माणसाचे लेखन तपासत नाही, चिकाटी तपासते. तीन तास खपून लिहिलेला पूर्वेतिहास पुढे कोणी विचारतही नाही. सहा गोष्टी पुरेत: नाव, दोन ओळींत दिसणे, पोटापाण्याचा उद्योग, आत्ता काय हवे आहे, काय अजिबात जमत नाही, आणि आधीच्या एखाद्या पात्राशी किंवा जागेशी असलेला एक धागा. शेवटचे दोन रकाने सोडू नका, सीन त्यांच्यातूनच निघतात.

मंजुरी फक्त जादू, अधिकारपद किंवा मोठी मालमत्ता मागणाऱ्यांना लावा. साधा हमाल किंवा खलाशी शीट टाकताक्षणी जकात नाक्यावर खेळू लागला तर विश्वाचे काय बिघडते? बाकीच्यांना २४ तासांच्या आत उत्तर द्या, भले ते 'या दोन ओळी बदला' इतकेच असो.

जुन्यांमधून आठवड्याच्या पाळीने एक यजमान नेमा. त्याचे काम एकच: नव्याच्या पहिल्या पोस्टला १२ तासांच्या आत पात्रातून उत्तर. आणि नव्यांना एवढे शिकवा की पोस्टच्या शेवटी समोरच्याला धरायला काहीतरी हवे. 'तो कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे शांतपणे बघत राहिला' यावर कोणी काय लिहिणार? 'त्याने ओली पिशवी मेजावर आपटली आणि विचारले, हिचा मालक कोण?' यावर तिघे तरी लिहितील.

नियमांचे पान एका पडद्यात मावेल इतकेच ठेवा. दुसऱ्याच्या पात्राचा परिणाम आपण लिहायचा नाही: 'तिने त्याच्या हातावर वार केला' चालेल, 'तिने त्याचा हात तोडला' चालणार नाही. खेळाडूला माहीत आहे ते पात्राला माहीत असेलच असे नाही. पात्राचा मृत्यू खेळाडूच्या संमतीने, किंवा सीन सुरू होण्याआधी 'इथे जीव जाऊ शकतो' असे जाहीर केले असेल तरच. डिस्कॉर्डवर १३ वर्षांपासूनची मुले असू शकतात, तेव्हा प्रणयाचे सीन दाराशीच थांबवा.

तारेवरचा

मडचा प्रश्न राहिलाच की.

पहिले मड १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी उभे केले. पुढे दोन वाटा फुटल्या. कोपनहेगनहून आलेल्या डिकूमडच्या घराण्यात मारामारी, लेव्हल आणि लूट. १९८९च्या टायनीमडने ते सगळे काढून टाकले आणि माणसांना खोल्या बांधायला आणि बोलायला मोकळे सोडले, मश आणि मू हे प्रकार त्यातूनच आले. तुमचा खेळ दुसऱ्या वाटेचा. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी: खेळणारे एकाच वेळी जोडलेले असावे लागतात. डिस्कॉर्डवर सकाळच्या पोस्टला रात्री उत्तर चालते, मडमध्ये रिकाम्या खोलीत कोणी थांबत नाही. ९ जणांना तिकडे नेले तर आत्ताचे दुखणे दुप्पट होईल. सगळ्यात गर्दीच्या तासाला आठ-दहा जण नियमित दिसू लागले की मग विचार करा.

ती वेळ आली की इव्हेनिया बघा. मड बांधायची ही चौकट पायथन भाषेत आहे, मोफत आणि मुक्त स्रोत आहे, मुळात टेलनेटसाठी (मडला जोडायची जुनी, साधी वाट) ४००० आणि ब्राउझरसाठी ४००१ हे पोर्ट धरते. नव्यांना ब्राउझरचाच पत्ता द्या, क्लायंट (जोडणीचे वेगळे सॉफ्टवेअर) उतरवून घ्या म्हटले की अर्धे तिथेच थांबतात. साधे टेलनेट पासवर्ड उघडा पाठवते, म्हणून ब्राउझरची वाट एचटीटीपीएसवरून द्या. जुन्या डिकू घराण्यातले बरेच कोड आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरसंचाच्या पलीकडची अक्षरे गिळतात, देवनागरी तिथे टिकत नाही. इव्हेनिया यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) पाळते, तरी स्तंभ जुळवून केलेली कोष्टके देवनागरीत वाकडी होतात, कारण एक अक्षर अनेक चिन्हांचे बनते. कोष्टकाऐवजी साध्या ओळी लिहा.

डेटाबेस सुरुवातीला एसक्यूएलाइटची एकच फाइल असते. सर्व्हर चालू असताना ती नुसती कॉपी केलीत तर प्रत अर्धवट निघू शकते. एसक्यूएलाइटचीच बॅकअपची आज्ञा वापरा किंवा सर्व्हर थांबवून कॉपी करा, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसरीकडे उघडून बघा.

अवांतर: टेक्स्ट खेळांकडे दृष्टिहीन खेळाडू आवर्जून येतात. चिन्हांनी काढलेले नकाशे आणि नक्षीच्या रेघा स्क्रीन रीडर एकेक चिन्ह करून वाचतो. ते बंद करायची सोय ठेवा. डिस्कॉर्डवरसुद्धा चॅनलच्या नावात इमोजींची माळ नको.

उंबरठा

पक्क्या वेळेबद्दल थोडी असहमती. ज्यांची पाळी बदलते ते कायमचे बाहेर राहतात आणि कथा ठरावीक चौघांची होऊन बसते. वेळ पक्की ठेवा, पण कथेचे निर्णय फक्त त्या दोन तासांतच होणार नाहीत असे बघा. सीन झाल्यावर दिवसभरात पाच ओळींचा गोषवारा टाका: काय घडले, कोणाला कळले, काय उघडे राहिले. त्यातला एक उघडा प्रश्न न आलेल्यांसाठी राखून ठेवा.

गढीवरचा

सगळ्यांचे आभार, मड सध्या बाजूला. आणखी एक: सगळी कथानके आम्ही दोघेच ॲडमिन चालवतो आणि पार दमलो आहोत. कोणाला अधिकार दिले तर विश्वाचा विचका होईल अशी भीती वाटते.

पाचवा फासा

विचका होतो तो हद्द आखलेली नसते म्हणून. तीन पायऱ्या करा. दोन आठवड्यांत संपणारे, कोणतीही जागा कायमची न बदलणारे आणि नावाचे पात्र न मारणारे कथानक कोणीही चालवावे, विचारायचीही गरज नाही. त्याच्या वरचे असेल तर तीन ओळींची आगाऊ सूचना: सुरुवात, अडथळा, शेवटी काय बदलेल. बंदराची सत्ता पालटणे, युद्ध, जादूचे नियम एवढेच तुमच्याकडे. दुय्यम पात्रे वाटून टाका. जकातीचा शिपाई एकाला, सावकार दुसऱ्याला, सोबत अर्धे पान टिपण: त्याला काय हवे, काय माहीत आहे, काय तो कधीच करणार नाही.

तुमची स्वतःची पात्रे मात्र बंदराच्या गादीवर नकोत. ॲडमिनचे पात्र जिंकू लागले की पक्षपाताची कुजबुज सुरू होते, आणि माझ्या मते सर्व्हर फुटायचे एवढे नेहमीचे दुसरे कारण नाही. कथेचा निर्णय आणि तक्रारीचा निर्णय एकाच माणसाकडे ठेवू नका. तक्रारींसाठी बंद चॅनल आणि त्यात तारीख, संदेशाचा दुवा, निर्णय. टपरबॉक्ससारखा बॉट असेल तर पोस्ट पात्राच्या नावाने वेबहुकमधून (बॉटला संदेश टाकायची डिस्कॉर्डची सोय) जाते, मूळ खाते दिसत नाही. त्या पोस्टवर प्रश्नचिन्हाची प्रतिक्रिया दिली की बॉट लिहिणाऱ्याचे खाते खासगीत कळवतो. हे मॉडना (देखरेख करणाऱ्यांना) माहीत असू द्या.

३० दिवस न लिहिणाऱ्याचे पात्र पुसू नका. ते 'समुद्रावर गेले' असे धरा आणि त्याचे पद मोकळे करा. परत आला तर बोटीतून उतरेल, जकात नाका आहेच.

जाहिरात कधी? सदस्यसंख्या बघू नका, दोनच आकडे वहीत ठेवा: नव्याच्या पहिल्या पोस्टला उत्तर किती तासांत आले, आणि पहिल्या सात दिवसांत पात्रातून तीन पोस्ट किती नव्यांनी लिहिल्या. दुसरा आकडा सलग महिनाभर निम्म्याच्या वर राहिला की बाहेर लिहा. जाहिरातीत पोस्टची लांबी, आठवड्याचा वेग आणि वयाची अट सरळ सांगा, आणि विश्वाच्या इतिहासाऐवजी रिकामी जागा दाखवा. 'सर्वांचे स्वागत आहे' यापेक्षा 'बंदरात तिघे जखमी आहेत, वैद्य हवा, शुक्रवारी रात्री नऊला नाक्यावर' याला उत्तरे जास्त येतात.