'हिंदी मीडियम'मधली मीता, म्हणजे सबा कमर: हिचं आणखी काय पाहावं?

कृष्णाकाठ

परवा टीव्हीवर 'हिंदी मीडियम' पुन्हा लागला होता. बसले इरफानसाठी, पण या खेपेला लक्ष सारखं त्याच्या बायकोकडे जात होतं. पोरीला नावाजलेल्या शाळेत घालायचं म्हणून चांदणी चौकातलं भरलं घर सोडून वसंत विहारला जायचा हट्ट धरणारी मीता. सरकारी शाळेत गेली तर इंग्रजी येणार नाही, इंग्रजी नाही आलं तर चारचौघांत बसता येणार नाही, मग खचेल, मग ड्रग्ज घेईल, अशी एका दमात पोरीच्या आयुष्याची वाट लावून मोकळी होते ती! आईचं ठाम मत, "दिल्लीकडचीच असणार, त्याशिवाय असं बोलता येत नाही." नाव शोधलं तर सबा कमर, पाकिस्तानातली. मालिकांची यादी ही एवढी लांब. सुरुवात कुठून करू? आणि एवढं चांगलं काम करून ती इकडे परत का दिसली नाही? जाणकारांनी सांगावं.

कटिंगवाला

पाकिस्तानी मालिका दाखवणारी जिंदगी वाहिनी होती ना आपल्याकडे, त्यावर 'मात' बघितली होती. त्यात ही धाकटी बहीण. मोठीचा ठरलेला नवरा पळवते आणि पुढे त्यालाही टाकून जाते. आमच्या घरात तिच्या नावानं बोटं मोडणं चालायचं. 'हिंदी मीडियम' पाहताना ती हीच, हे मला अर्ध्या सिनेमानंतर कळलं. बाकी या विषयावर शारजावालीताईंना बोलवा, मग चार दिवस दुसरा धागा नको.

शारजावाली

बोलावलंत म्हणून आले. आता थांबवायची जबाबदारीही तुमची, कटिंगवाले.

मी शारजात एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात होते तेव्हा आमच्या मजल्यावर गुजरांवालाच्या एक बाई राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना बाजी म्हणायची. ड्रामा बघायचा तो त्यांच्याकडे, चहा माझा आणि टीका दोघींची. सबाचं नाव निघालं की बाजी ताठ बसायच्या, कारण ती 'आमच्या गावची'. खरं तर सबाचा जन्म १९८४ चा, सिंधमधल्या हैदराबादचा. वडील ती अगदी लहान असताना गेले. मग गुजरांवालाला आजीकडे वाढली आणि पुढच्या शिक्षणासाठी लाहोरला गेली. पण बाजींच्या हिशेबी माणूस जिथे वाढला तिथला.

२००५ मध्ये पीटीव्हीवरच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी वाहिनीवरच्या, 'मैं औरत हूँ'पासून तिची सुरुवात झाली. ती मालिका मी पाहिलेली नाही. माझ्या मते तिची खरी शाळा दुसरीच: जिओ या पाकिस्तानी वाहिनीवरचा 'हम सब उम्मीद से हैं'. डॉ. युनुस बट यांचं लेखन, राजकारण्यांची आणि सिनेमानट्यांची यथेच्छ टिंगल. ती त्यात सूत्रसंचालन करायची आणि नकलाही. आज एक, उद्या दुसरी, परवा तिसरी. नक्कल करणाऱ्याला दोन गोष्टी आपोआप कळतात: समोरचं माणूस श्वास कुठे घेतं, आणि खोटं कुठे बोलतं. सबाच्या नंतरच्या प्रत्येक भूमिकेत मला हे दिसतं. मीताचं ते एका दमातलं वाक्य पुन्हा ऐका. हशा शब्दांवर येतच नाही, 'ड्रग्ज'च्या आधी ती जी घाबरते त्यावर येतो.

तिकडच्या मालिकेची नायिका रडते, हे मुख्य काम. आठवड्याला एक भाग, वीस-तीस भागांत गोष्ट संपते, तेवढ्यात दोन लग्नं, एक तलाक आणि एक दुष्ट सासू बसवायची असते. त्यात बाई सोशिक असली की प्रेक्षक खूश. सबानं मात्र ऐन उमेदीत 'मात'मधली समन घेतली (हम टीव्ही, २०११, लेखिका उमेरा अहमद). सोशिक मोठी बहीण आमिना शेख, आणि ही स्वार्थी. बाजी म्हणायच्या, "अशा बायकांना काम देऊच नये." आणि एकही भाग चुकवायच्या नाहीत.

माझी सगळ्यात लाडकी मात्र 'डायजेस्ट रायटर', २०१४ ची. जरा थांबून सांगते, कारण यामागचं जग आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. कराचीहून 'खवातीन', 'शुआ', 'किरन' अशी बायकांची मासिकं निघतात, त्यांना तिकडे डायजेस्ट म्हणतात. कथा, क्रमशः कादंबऱ्या, पाककृती, वाचकांची पत्रं. 'साहित्यिक' मंडळी नाकं मुरडतात आणि घरोघरी बायका वाचतात. उमेरा अहमद, फरहत इश्तियाक यांच्यासारख्या लेखिका तिथूनच वर आल्या आणि त्यांच्या कादंबऱ्यांच्या पुढे मालिका झाल्या. म्हणजे ज्या मासिकांना हसायचं, त्यांच्याच जोरावर टीव्हीचा धंदा चालायचा. 'डायजेस्ट रायटर'मधली फरीदा ही अशीच बेताच्या घरातली मुलगी, रश्क-ए-हिना या नावानं लिहिणारी. वाचणाऱ्यांना ती कुणी मोठी बेगम वाटते. घरात तिला पातेलं घासायला उठवतात. सबानं ती इतकी दबलेली केलीय की मालिकेतल्या संपादकांसमोर बसल्यावर तिचे हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नाही. आणि तीच लिहायला बसली की पाठ सरळ होते. बास, संवादाची गरजच नाही. बाजींच्या पलंगाखाली डायजेस्टांचा गठ्ठा होता. ही मालिका लागल्यावर तो पलंगाखालून कपाटात आला, यजमानांच्या देखत.

सिनेमाचं लवकर आटपते. उर्दू कथाकार मंटोवरच्या २०१५ च्या 'मंटो'त (दिग्दर्शक आणि मंटो दोन्ही सरमद खूसट) ती गायिका-नटी नूरजहाँ होती. फाळणीआधीच्या मुंबईत मंटो सिनेमासाठी लिहीत होता आणि नूरजहाँ तिथे गाजत होती. त्यानं तिच्यावर व्यक्तिचित्रही लिहिलंय. जुन्या मुंबईचा नाद असलेल्यांनी तेवढ्यासाठी तरी बघावा. सबाचा मिजास झकास आहे. 'लाहोर से आगे'बद्दल न बोललेलं बरं.

आता 'बागी', २०१७. कंदील बलोच आठवते का? मूळ नाव फौजिया अझीम, डेरा गाझी खानकडच्या खेड्यातली. मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ टाकायची, मोडक्या इंग्रजीत 'हाऊ आय ॲम लुकिंग' विचारायची आणि अख्खा देश तिला शिव्या घालत चवीनं बघायचा. जुलै २०१६ मध्ये मुलतानला, आईवडिलांच्या घरात, सख्ख्या भावानं तिचा गळा दाबला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेनं इज्जतीच्या नावाखाली होणाऱ्या खुनांविरुद्धचा कायदा कडक केला. भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झाली, आणि २०२२ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या मुलतान खंडपीठानं त्याला सोडलंही.

खून होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि सबा तिची भूमिका करायला उभी राहिली. नकलाकार म्हणून तिला हे किती सोपं होतं बघा. ओठ पुढे काढायचे, ते इंग्रजी बोलायचं, लोक हसले असते. तिनं नेमकं तेच टाळलं. तिची कनवल (मालिकेतलं नाव) खेड्यात असते तेव्हा खुल्या गळ्यानं बोलते, खिदळते. शहरात आल्यावर आवाज बारीक आणि लाडिक होत जातो, आणि तो बदल इतका सावकाश होतो की मुलीचा मूळ आवाज गेला हे आपल्याला फार उशिरा लक्षात येतं. मधले काही भाग ताणलेत, हे कबूल. पण बाजींसारखी बाई, जी कंदीलचं नाव काढलं तर 'तौबा' म्हणायची, ती शेवटच्या भागानंतर मला म्हणाली, "पैसे पाठवत होती तोवर कुणाला लाज नव्हती." मी त्यावर काही बोलले नाही. तिकडचा लक्स स्टाइल पुरस्कार मिळाला सबाला या कामाचा. मला बाजींचं ते वाक्य जास्त मोठं वाटतं.

इथे परत का दिसली नाही, तर सप्टेंबर २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला. मनसेनं पाकिस्तानी कलाकारांना मुंबई सोडायला सांगितलं, निर्मात्यांच्या संघटनेनं बंदीचा ठराव केला. 'हिंदी मीडियम' मे २०१७ मध्ये आला तेव्हा प्रसिद्धीसाठी तिला येता आलं नाही. फिल्मफेअरला नामांकन मिळालं, सिनेमाला पारितोषिक मिळालं, आणि 'अंग्रेज़ी मीडियम' तिच्याविना निघाला. तिची एक मुलाखत फिरत असते, डोळ्यांत पाणी आहे. जॉर्जियात तिबिलिसीला शूटिंगला गेल्यावर बरोबरचे सगळे भारतीय विमानतळावरून सुटले आणि हिला पासपोर्ट पाहून बाजूला काढून झडती घेतली, हे त्यात ती सांगते. देशाचा जयघोष करतो तेव्हा बाहेर आपली किंमत काय आहे ते आठवतं, असा त्या बोलण्याचा रोख. यावरून तिला पाकिस्तानात बोलणी बसली ती वेगळीच.

परखड_माणूस

अभिनय वगैरे ठीक. पण त्यांच्याकडून गोळ्या येतात आणि आपण त्यांच्या नट्यांची जंत्री लावतोय. आपल्याकडे चांगल्या अभिनेत्रींचा दुष्काळ पडलाय का? शिवाय हीच बाई 'दास्तान'मध्ये होती. फाळणीत सगळे अत्याचार एकाच बाजूनं झाले असं दाखवणारी मालिका ती. त्याबद्दल ताई गप्प का?

शारजावाली

परखडराव, 'दास्तान' एकतर्फी आहे, शंभर टक्के. रझिया बट यांच्या कादंबरीवरची, २०१० ची. सबा त्यात सुरैया, दुय्यम भूमिका. मला पहिले भाग बघवतात, पुढचे नाही. बाजींशी माझं त्यावरून कडाक्याचं भांडण झालंय, दोन दिवस चहा बंद होता. कुणी काय बघावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, धागाकर्तीनं अभिनयाचं विचारलं म्हणून मी अभिनयाचं लिहिलं.

आणि तिकडे तिला फुलं वाहतात असंही नाही. २०२० मध्ये गायक बिलाल सईदबरोबर एका गाण्याच्या व्हिडिओसाठी लाहोरच्या वझीर खान मशिदीत निकाहचा प्रसंग चित्रित केला. शाहजहानच्या काळातली, नक्षीकामाची देखणी मशीद. तिथे दोघांनी गिरकी घेतल्याचं चित्र बाहेर आलं आणि आग लागली. मशिदीत संगीत वाजलंच नाही, असं सबा सांगत राहिली. माफी मागितली. तरी गुन्हा दाखल झाला, कोर्टाच्या खेपा झाल्या, आणि २०२२ मध्ये दोघं सुटले.

रिकामटेकडी

'चीख' राहिली ना! २०१९ ची, एआरवायवर. मैत्रिणीच्या मृत्यूचा छडा लावत जाते आणि संशयाची सुई दिरावर येते. बिलाल अब्बासनं तो दीर असा केलाय की रात्री जिन्यावर दिवा लावून जावं लागायचं. मधे थोडा आरडाओरडा जास्त आहे, पण चालतंय.

कृष्णाकाठ

ताई, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: पातेलंवाली मालिका कुठे दिसेल?

शारजावाली

भारतात आत्ता कठीण आहे. २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तिकडच्या वाहिन्यांची यूट्यूब पानं इथे बंद झाली, ओटीटीवाल्यांनाही पाकिस्तानी कार्यक्रम काढायला सांगितलं गेलं. सबाचं इन्स्टाग्राम जुलैत एक-दोन दिवस दिसलं आणि परत गेलं. आखातात, अमेरिकेत कुणी असेल आणि आईंचा तिकडे मुक्काम झाला, तर क्रम माझा ऐका: आधी 'डायजेस्ट रायटर', मग 'मात', मग 'बागी'. 'चीख' रिकामटेकडीच्या जबाबदारीवर.

'कमली' (२०२२, परत सरमद खूसट) आईंना एकटीला लावून देऊ नका, शेजारी बसा. नवरा आठ वर्षं बेपत्ता, घरात आंधळी नणंद, ती सानिया सईदनं केलीय. नणंद भावाची वाट बघायला लावते आणि सबाची हिना एका चित्रकार बाईसमोर मॉडेल म्हणून बसून पैसे कमावते. संथ आहे. पण सानिया आणि सबा एका खोलीत आल्या की मी शिवण खाली ठेवते.

कटिंगवाला

बहीण मस्कतला आहे, तिला यादी पाठवली. तिचं उत्तर आलं: "सगळं पाहून झालंय, तुम्हीच उशिरा जागे झालात."