घर सोडल्यानंतरची तीन वर्षे कादंबरीने गाळली, ते योग्य की अयोग्य?

विधिसाहाय्य, मडगाव
आपल्या वाचनगटाची या महिन्याची कादंबरी डिचोलीकडच्या गावात घडते. नवऱ्याचा मार वर्षानुवर्षे सोसलेली बाई पावसाळ्यातल्या एका रात्री लेकीला घेऊन बाहेर पडते. पान उलटले की तीन वर्षे सरलेली असतात आणि म्हापशात तिचे शिवणाचे दुकान उभे असते. मारहाणीची प्रकरणे अस्सल आहेत, त्याहून अस्सल आहे ते भाजीच्या पैशांचा रोज हिशेब मागणे. पण मधल्या काळाला लेखिकेने एकच ओळ दिली: 'कोर्टकचेरी झाली.' मला हे पटत नाही. आयुष्य पुन्हा उभे राहते ते त्याच काळात.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, निवारा, पोटगी मागणारा कलम १२चा अर्ज आला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. अडते कुठे? नोटीस बजावली जात नाही, नवरा 'पत्त्यावर नाही.' कलम २३खाली एकतर्फी, म्हणजे नवऱ्याचे ऐकण्याआधीच, अंतरिम आदेश मागता येतो, पण सोबत नमुना तीनमधले प्रतिज्ञापत्र नसेल तर तिथेच तारीख पडते. पोटगीसाठी २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि नवऱ्याचे मुद्दाम उशिरा येते. हे सगळे नाट्यच आहे. एका ओळीत का उरकायचे?

जुनी वाचक, फोंडा
ताई, कादंबरी म्हणजे अर्जाचा मसुदा नव्हे. निवेदन प्रथमपुरुषी आहे. तिला स्टोव्हच्या रॉकेलचा वास आठवतो, तारीख आठवत नाही. धास्तीतल्या आठवणी अशाच तुकड्यांनी येतात, क्रमाने लागत नाहीत. लेखिकेने ती वर्षे गाळलेली नाहीत, वागण्यात मुरवली आहेत. दुकानात ती मशीन भिंतीला पाठ लावून मांडते, म्हणजे दार समोर राहते. गिऱ्हाइकाने मोठ्याने हाक मारली की टाका चुकतो. मुलगी शाळेतून पाच मिनिटे उशिरा आली तर ती कात्री खाली ठेवत नाही. तीन वर्षांत काय झाले ते मला एवढ्यावरून कळले.

समुपदेशक, म्हापसा
दार समोर ठेवण्याचा तपशील फार नेमका आहे, मान्य. माझी हरकत वेगळी आहे: घर सोडले आणि धोका संपला, असे ही कादंबरी सुचवते. प्रत्यक्षात बाई निघण्याच्या बेतात असते तेव्हा आणि निघाल्यानंतरचे काही महिने, जिवाला धोका सर्वांत जास्त असतो. ताबा सुटतोय हे त्याला तेव्हा कळते.

सातव्या प्रकरणात तो तिचा गळा दाबतो. सकाळी ती चहा ठेवते, आवाज बसलेला, घोट गिळवत नाही, गळ्यावर वळ नाही. लेखिकेने हे अगदी बरोबर टिपले आहे. गळा दाबल्यावर बाहेर खूण दिसेलच असे नाही. आवाज बदलतो, गिळताना दुखते, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात आणि आतल्या इजेचा त्रास एक-दोन दिवसांनीही उलटू शकतो. त्या बाईने त्याच दिवशी इस्पितळात जायला हवे. डॉक्टरने विचारले तर 'पडले' न म्हणता 'गळा दाबला' म्हणायला हवे, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते. कादंबरी चहापाशी थांबते.

आणि मोबाइल! ती तोच फोन घेऊन निघते. त्याच्याकडे तिच्या गूगल खात्याचा पासवर्ड आहे, हे तिसऱ्या प्रकरणात आलेच आहे. मग त्याला ती कुठे आहे ते बसल्या जागी दिसेल. व्हॉट्सअॅपच्या 'जोडलेली उपकरणे' यादीत त्याचा संगणक असेल तर मावशीला पाठवलेला निरोपही त्याने वाचला असेल. जुन्या फोनवरचे सगळे एकदम बंद केले तर तो सावध होतो. म्हणून आधी दुसऱ्याच फोनवरून नवे खाते उघडायचे आणि निघण्याचे बोलणे तिथूनच करायचे. लेखिकेने गोष्ट आजच्या काळात घातली आहे, तेव्हा हे सुटायला नको होते.

नोटरी कामकाज, पणजी
गोव्याची म्हणून एक गोष्ट कुणीच काढली नाही. नायिका रिकाम्या हाताने निघते आणि कादंबरी त्यालाच मोठेपणा समजते. इथे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी तिची. तिच्या सहीशिवाय त्याला जमीन विकता येत नाही. घटस्फोटानंतर वाटणी इन्व्हेंटरीतून, म्हणजे कोर्टात मालमत्तेची यादी करून होते, त्यासाठी २०१२चा कायदा आहे. फक्त लग्नाच्या नोंदणीची दुसरी सही झाली होती का? दुसऱ्या प्रकरणात देवळातले लग्न आणि पहिली सही एवढेच येते. दुसरी सही राहिली असेल तर लग्नाची नोंद पुरी नाही, आणि अर्ध्या हिश्श्याचा दावा तिथेच लंगडा होतो.

विधिसाहाय्य, मडगाव
सर, अर्धा हिस्सा कशाचा? घर मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे), नोंद सासऱ्याच्या नावावर, आणि सासरा जिवंत आहे. त्या घरात नवऱ्याचेच अजून काही नाही, तर तिचे कुठून येणार? तिला उपयोगी पडेल ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ आणि १९. सामायिक घर, म्हणजे दोघे एकत्र राहिले ते, सासऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केले. त्या घरात पाऊल टाकायचे नसेल तर त्याच कलम १९खाली पर्यायी निवारा किंवा त्याचे भाडे मागावे. दुसरी सही नसली तरी हा कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो. म्हापशातल्या खोलीचे भाडे त्याच्याकडून घेणे हा तिचा हक्क आहे, त्यात मिंधेपणा नाही.

जुनी वाचक, फोंडा
हे सगळे खरे असेल. पण अडचणीतली बाई कलम शोधायला कादंबरी उघडत नाही. शेवटच्या पानावर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक छापा, पुरे.

समुपदेशक, म्हापसा
पुरे नाही. १८१वरून ती सखी केंद्रापर्यंत, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांच्या सरकारी मदत केंद्रापर्यंत पोचेल, तिथे मुक्काम साधारण पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी कुठे? कादंबरीत आई फोनवर म्हणते, 'मातशें सोस गो', थोडे सोस गं. त्या वाक्यानंतर माहेरचे दार बंद, मग ती राहिली कुणाकडे? वाचणारी बाई नेमके हेच शोधत असते.

शेवटही मला खटकतो. तो दुकानात येतो, माफी मागतो, ती त्याला पाणी देते. संरक्षण आदेश असेल तर तो तिथे येणे हाच आदेशाचा भंग ठरू शकतो, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेश नसेल तर का नाही, ते सांगा. कोर्टाने नेमलेल्या समुपदेशनातसुद्धा मारहाणीचे समर्थन ऐकून घ्यायचे नसते. इथे तो पूर्ण पानभर कारणे सांगतो.

जुनी वाचक, फोंडा
पाणी दिले म्हणजे माफ केले, असे कुठे आहे? ती ग्लास टेबलावर ठेवते, हातात देत नाही. आणि कात्री उजव्या हातात आहे. पुन्हा वाचा.

विधिसाहाय्य, मडगाव
वाचले. ग्लासाबद्दल तुमचे पटते, तीन वर्षांबद्दल नाही. एक साधी गोष्ट पाहा. गृहिणींसाठीच्या गृह आधार या सरकारी योजनेचे महिना दीड हजार तिच्या खात्यात येतात, पासबुक आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या कपाटात, असे चौथ्या प्रकरणात लेखिकेनेच लिहिले आहे. नवे कार्ड, नवा पिन, बँकेत मोबाइल क्रमांक बदलणे, यातले काहीही न करता दुकानाची अनामत आणि मशीनचे पैसे आले कुठून?