गच्चीवरचा शनिवारचा सिनेमा: कोणता ते आजच ठरवा

माने काका (सेक्रेटरी), ७:४०
सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी रात्री ८ वाजता गच्चीवर पोरांसाठी सिनेमा. प्रोजेक्टर बी विंगमधून मिळालाय. पोरांना सुपरहिरोचा पाहिजे. कोणता ते आजच ठरवा. मेंटेनन्स थकलेल्यांनी मत दिलं तरी चालेल.

ओंकार ए-३०२, ७:४३
जस्टिस लीग. २०१७ चा नव्हे, २०२१ ला आलेला, दिग्दर्शक झॅक स्नायडरचा. विषय संपला.

पाटील वहिनी, ७:४४
केवढा आहे?

ओंकार ए-३०२, ७:४४
चार तास 🙈

पाटील वहिनी, ७:४५
चार तासात मी कोल्हापूरला जाऊन मिसळ खाऊन परत येते.

माने काका, ७:४९
आणि तो सगळा अंधारातला असणार. गेल्या वर्षी असाच एक काळाकुट्ट लावला होता. टाकीजवळचा रस्त्याचा दिवा बरोब्बर पडद्यावर पडतो. अडीच तास नुसत्या आदळआपटीचा आवाज ऐकला. कोण कुणाला मारतंय कळेना. शेवटी शेजारच्या बंगल्यातले विचारायला आले, तुमच्याकडं भांडणं चाललीत का म्हणून.

सानिका बी-१०४, ७:५५
काका, त्या काळोखालाही इतिहास आहे 😄 १९९७ चा बॅटमॅन अँड रॉबिन इतका भडक आणि पांचट झाला की पुढं आठ वर्षं थेटरात बॅटमॅन दिसलाच नाही. २००५ ला दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलननं तो नव्यानं उभा केला. २००८ चा द डार्क नाइट तुफान चालला आणि बाकीच्यांनी त्यातला फक्त अंधार उचलला. लिहिणं उचलायला कष्ट पडतात ना. मग २०१३ चा मॅन ऑफ स्टील. ज्याच्यासाठी पोरं गळ्याला टॉवेल बांधून कॉटवरून उड्या मारतात, त्या सुपरमॅनच्या मारामारीत निम्मं शहर भुईसपाट आणि शेवटी व्हिलनची मान मोडलेली.

ओंकार ए-३०२, ७:५७
मोडावी लागली. समोर एक कुटुंब मरणार होतं. आणि मोडल्यावर तो जो ओरडतो ना, त्या एका ओरडण्यासाठी माझ्याकडून सगळं माफ.

पाटील वहिनी, ७:५८
मग त्या दुसऱ्या कंपनीचा, मार्व्हलचा लावा की. हसत-खेळत असतात ते.

जोशी सर, ८:१०
वहिनी, माझा आक्षेप त्या हसण्यालाच आहे. नातवाबरोबर २०१७ चा थॉर रॅग्नारोक पाहिला. शेवटी त्या लोकांचं अख्खं राज्य डोळ्यांसमोर नष्ट होतं. एक दगडी प्राणी धीर देतो, पाया शाबूत आहे, पुन्हा उभारू. तेवढ्यात पायाही उडतो आणि तो ओशाळून माफी मागतो. थेटर हसलं, नातू हसला, मीही हसलो. घरी आल्यावर वाटलं, अरे, त्यांचा गाव गेला आणि आपण हसलो?
आपण सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं. त्या नाटकांत विदूषक होताच. पण तो आधी सूत्रधाराशी थट्टामस्करी करायचा, मग गणपती, सरस्वती, मग आख्यान. राक्षस अललडुर्र करत यायचे तेव्हा पोरंबाळं खरोखर दचकायची. विनोदाला त्याची जागा होती.

ओंकार ए-३०२, ८:१२
म्हणजे सर, तीच देवमंडळी, दरवेळी नवं आख्यान, गावोगाव प्रयोग. पहिली फ्रँचाइझी आपलीच की 😂

पाटील वहिनी, ८:२१
सर, एक सांगू का, राग मानू नका. २०१९ च्या ऑगस्टात गावभागात माझ्या माहेरी पाणी जिन्यापर्यंत आलं होतं. बोट आली. आईच्या कडेवर फडक्यात बांधलेले देवघरातले देव. बाबा बोटीत पाय टाकताना नाववाल्या पोराला म्हणाले, "सुट्टे नाहीत हं माझ्याकडं." सगळे हसलो, आईसुद्धा. पण बाबांनी बोटीची कड धरली होती ती बोटं पांढरी पडली होती. त्यांचाही गावच बुडत होता की.

जोशी सर, ८:३०
वहिनी, तुमचं खरं आहे. जागेचा नियम माझा चुकला.

सानिका बी-१०४, ८:३४
जागा नसेलही सर, पण फरक आहेच. बाबांना भीती वाटली म्हणून बाबा बोलले. त्या दगडी प्राण्याला कुठं भीती वाटत होती? भीती वाटली ती सिनेमा काढणाऱ्यांना, की आता प्रेक्षक गंभीर झाला, मोबाइल काढेल.

ओंकार ए-३०२, ८:३७
हे पटलं. आणि २०१७ च्या जस्टिस लीगचं तेच झालं. मुलगी गेल्यामुळं स्नायडर मध्येच बाजूला झाला, दुसरा दिग्दर्शक जॉस व्हीडननं बरंच पुन्हा शूट करून विनोद पेरले, दोन तासांत बसवलं. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅविलनं तोवर दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवलेली, ती कॉम्प्युटरवर पुसली. ओठ बघा त्याचा, मधमाशी चावल्यागत दिसतो. तीच लोकं, तीच गोष्ट, ४ वर्षांनी स्नायडरनं स्वतः जुळवलेला तो स्नायडर कट आला तर वेगळाच सिनेमा.

माने काका, ८:४१
एका पातेल्यात दोन आचारी. पण शनिवारचं काय?

ओंकार ए-३०२, ८:४२
२०२५ चा सुपरमॅन नको फक्त. एवढा अक्राळविक्राळ प्राणी शहर तुडवतोय आणि हा खारूताई वाचवतोय.

पाटील वहिनी, ८:४३
आमच्या चिनूला तेवढंच आठवतंय. खारूताई आणि तो कुत्रा. खार वाचवणारा माणूस मला तरी मान मोडणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो बाई.

सानिका बी-१०४, ८:४६
२००४ चा स्पायडर-मॅन २ लावा. दोन तासांच्या थोडा वर. त्यात तो पूर्ण पोशाखात लिफ्टमध्ये उभा असतो, शेजारचा माणूस चौकशी करतो आणि हा सांगतो, कापड खाजतं हो. खरंच खाजत असतं बिचाऱ्याला! आणि त्याच सिनेमात आगगाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो, लोक त्याला हातांवर झेलून आत घेतात, मुखवटा नसलेला चेहरा बघतात. अगदी पोरगा आहे हा, असं कुणीतरी म्हणतं. तिथं एकही विनोद नाही. शिवाय उन्हातली मारामारी आहे काका, दिवा पडला तरी दिसेल.

जोशी सर, ८:४८
अनुमोदन.

ओंकार ए-३०२, ८:४९
चालेल. स्नायडर कट दिवाळीत. चार तास. फराळासकट.

माने काका, ८:५५
ठरलं. भडंग ५ किलो, कांदा ज्याचा त्यानं आणायचा. पडद्याला पांढरी चादर कोण देतंय? कोरी पाहिजे. गेल्या वेळी पाटील वहिनींनी फुलाफुलांची दिली होती, व्हिलनच्या गालावर सगळा वेळ गुलाब होता.

पाटील वहिनी, ८:५६
अंधारात तेवढंच तर दिसत होतं.